हरिश्चंद्रगडावरच्या शेकोट्या थांबवा

संपादक महोदय,

थंडी पडायला लागली की मोबाईलवर हरिश्चंद्रगड कॅम्पिंगच्या जाहिराती सुरू होतात आणि प्रत्येक पॅकेजमध्ये टेन्ट, जेवण, सनसेट आणि कॅम्प फायर हे ठरलेलंच असतं. लोकांनी गडावर जरूर यावं, पायथ्याच्या पाचनई गावाकडून यावं, दम असेल तर खिरेश्वरवरून टोलार खिंडीतून यावं, केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात उतरून पिंडीला प्रदक्षिणा घालावी. पण ती शेकोटी बंद झाली पाहिजे, एवढ्यासाठीच हे पत्र.

लाकूड येतं कुठून? पाठीवर मोळी घेऊन तर कुणी गड चढत नाही, ते तिथल्याच जंगलातलं असतं आणि हाताशी सगळ्यात सोपी सापडते ती कारवी, सरळ काठ्या, कोयता मारला की झालं. ही कारवी सात वर्षांतून एकदाच फुलते, तेव्हा उतारच्या उतार जांभळे होतात, मधमाश्यांची चंगळ असते, मग बी धरतं आणि झुडूप वाळून जातं. चौथ्या-पाचव्या वर्षी तोडून जाळली तर त्या काठीला ना फूल ना बी. गावातले लोक पण कारवी वापरतात, घराचे कूड, म्हणजे काठ्यांच्या भिंती, तिचेच असतात, पण एक कूड कितीतरी वर्षं टिकतो हो, इथे एका रात्रीच्या गाण्यांसाठी भारेच्या भारे जळतात.

दुसरं म्हणजे वारा. कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या कोकणाकडच्या उभ्या कड्यावर, वारा खालून वर येतो, टाकलेली टोपी परत वर येते हे तिथे गेलेल्या सगळ्यांना माहितीय, मग ठिणग्या कुठे जात असतील? डिसेंबरनंतर गवत पार वाळलेलं असतं, सकाळी टेन्ट गुंडाळून सगळे खाली उतरतात आणि राखेत निखारा तसाच असतो, वणवा लागायला अजून काय पाहिजे. आणि कातळावर जी बोटभर माती आहे ना, तिच्यात पावसाळी फुलांचे कंद झोपलेले असतात, ते पण भाजून निघतात.

१९८६ पासून हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३० सरळ सांगतं की अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायची नाही आणि पेटती सोडून जायचंही नाही. म्हणजे नवीन नियम करायची पण गरज नाही.

सरसकट कॅम्पिंग बंद करा असं मी म्हणत नाही, कारण वर झोपड्या टाकून पिठलं-भाकरी देणाऱ्या स्थानिकांचं पोट त्याच्यावर आहे, आणि त्यांची आडोशाची चूल वेगळी, जेवण झालं की ती विझते. ज्यांना थंडी सोसत नाही त्यांनी पाचनईत गावातच मुक्काम करावा, पहाटे चढावं, पैसे गावातच राहतील.

वनखात्याला विनंती एवढीच की पावती फाडताना कॅम्प नेणाऱ्या आयोजकाचं नाव आणि फोन लिहून घ्यावा, शेकोटी सापडली तर त्या सीझनपुरता त्याला गड बंद. हे ३१ डिसेंबरच्या आधी व्हावं, कारण सगळ्यात जास्त टेन्ट त्याच रात्री लागतात.

— एक ट्रेकर, संगमनेर