प्रबंधाच्या विषयाबद्दल

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझी आई मधे मधे बोलते, म्हणून लिहूनच पाठवतोय. स्पोर्ट्स सायन्समधल्या एम.एस्सी.च्या प्रबंधाला फास्ट बोलरांची पाठ घेऊ की बस ड्रायव्हरांची, असं विचारलंस. ड्रायव्हरांची घे. जन्मभर कंडक्टरकी केलेल्या माणसाला विचारल्यावर दुसरं काय ऐकायला मिळणार म्हणा!

बोलरची पाठ मी हलक्यात घेत नाही. ऐन विशीतल्या पोरांच्या मणक्याला बारीक तडे जातात, हे तूच समजावलंस. पण २०२३ मध्ये बुमराच्या पाठीचं ऑपरेशन थेट न्यूझीलंडला झालं. तो परत उभा राहीपर्यंत रोज किती चेंडू टाकायचे हे मोजायला माणसं होती. आमच्यातल्या एखाद्याची पाठ धरली की बाम चोळायचा, दोन दिवस रजा टाकायची आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच सीटवर आठ तास. त्याला हळूहळू कामावर आणायला हवं, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आणि तुमच्या शास्त्रातला हालचाल आणि आरोग्याचा अभ्यास मुळी बसमध्येच सुरू झाला ना? इंग्लंडात लफबरो युनिव्हर्सिटीत गेल्या गेल्या तू त्या जेरी मॉरिस डॉक्टरांचं सांगितलं होतंस, ते मी डेपोतल्या जुन्या मंडळींना कितीदा ऐकवलंय. लंडनच्या डबलडेकरवर दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, हे त्यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी नियतकालिकात छापलं. कंडक्टरच्या रोज सहाशेच्या आसपास पायऱ्या व्हायच्या. मला शंका आली होती, की मुळातले जाडे लोकच ड्रायव्हर होत असतील तर? तर या गृहस्थांनी पुढे गणवेशाच्या पँटींची मापंही काढली, आणि तरुण ड्रायव्हरांचीही कंबर जास्तच भरली. मला तो पँटींचा भाग फार आवडतो. ते स्वतः नव्याण्णव वर्षं जगले.

फक्त एक ध्यानात ठेव. मुंबईच्या डबलडेकरला कंडक्टर दोन, एक खाली आणि एक वर. त्यामुळे लंडनचा हिशेब इथे जसाच्या तसा लावू नकोस. शिवाय माझ्या वेळच्या त्या डिझेलच्या गाड्या २०२३ मध्ये बंदच झाल्या. तुला बहुतेक सिंगल गाडीवरचेच लोक भेटतील.

शेजारचे विचारतात, “म्हणजे फिजिओ ना?” मी आता समजावणं सोडलंय. हो म्हणतो.

नोकरीचं नंतर बघू. एखाद्या लीगच्या टीमने बोलावलं तर जा, मी आडवा येणार नाही.

जूनमध्ये येशील तेव्हा आठ-दहा ड्रायव्हर मी गाठून देतो, निवृत्त आणि चालू दोन्ही. दुपारी दोनच्या सुमाराला ये, पाळी बदलते. प्रश्न मराठीतच लिहून आण. ‘दुखणं एक ते दहामध्ये किती’ असं विचारलंस तर सगळे ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणतील. त्यापेक्षा गाडीतून उतरताना बघ. डावा गुडघा गेलेला माणूस दांडा धरून आधी डावाच पाय खाली सोडतो, मग क्षणभर तसाच उभा राहतो आणि घड्याळ बघितल्यासारखं करतो.

तुझे बाबा