जुन्या मॅकच्या डिस्क फेकू नका

मा. संपादक, नमस्कार.

नव्वदच्या दशकातल्या मॅकच्या डिस्क ज्यांच्याकडे पडून आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. ॲपलने एचएफएस ही १९८५ची फाइल सिस्टम (म्हणजे डिस्कवर फाइल मांडून ठेवायची पद्धत) २०१९च्या कॅटालिना या मॅकओएस आवृत्तीपासून वाचणंच बंद केलंय, पण लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ती वाचणारा ड्रायव्हर आहे, त्यामुळे आधी डीडी या कमांडने अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये हुबेहूब नक्कल, काढायची आणि मग ती माउंट कमांडने जोडायची, लूप पर्याय वापरून (त्याने इमेज फाइल डिस्कसारखी उघडते), टाइप एचएफएस देऊन आणि फक्त रीड-ओन्ली, की फोल्डर समोर दिसतात. १.४४ एमबीच्या फ्लॉपी साध्या पीसी ड्राइव्हवर चालतात, ४०० आणि ८०० केबीच्या नाही, कारण त्यात ड्राइव्हचा स्पीड चकतीवरच्या वर्तुळाकार ट्रॅकनुसार बदलायचा.

महत्त्वाचं म्हणजे नुसत्या फाइल कॉपी करून इमेज डिलीट करू नका!! मॅकच्या फाइलला डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क असे दोन भाग असतात, साध्या कॉपीत दुसरा गळतो, आणि त्या काळचे फॉन्ट बहुतेक त्यातच असायचे. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीचं सामायिक कोडिंग) येण्याआधीचा मराठी मजकूर त्याच्या फॉन्टशिवाय नुसती विचित्र अक्षरं दिसतो, मग काय उपयोग? जुन्या छापखान्यांनी, दिवाळी अंकवाल्यांनी तरी कपाटं एकदा बघाच, आणि डिस्क सापडल्या तर आधी इमेज काढा, बाकीचं नंतर.

– एक वाचक, पुणे