नुसतं ‘मजेत आहे’ लिहू नकोस

श्रूजबरी
शुक्रवार, ४ सप्टेंबर २०२६

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल तुला या निवासी शाळेत सोडलं तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, तू जा आता." मी गेलो. गाडी फाटकाबाहेर काढली आणि तिथल्या झाडाखाली वीस मिनिटं थांबलो. तू परत बाहेर येशील असं वाटलं होतं असं नाही. पाय ब्रेकवरून निघत नव्हता.

दुपारी लंडनची गाडी आहे आणि रात्री विमान. त्याआधी हे पत्र स्टेशनजवळच्या लाल पेटीत टाकतो. घरी पोचून, कझाकस्तानातल्या अतिराऊहून टाकलं तर तुला कधी मिळेल, देव जाणे. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढतोय. पण मुद्दाम मराठीतच लिहितोय. हे पत्र तिथे कुणी उघडणार नाही, आणि उघडलंच तरी कुणाला वाचता येणार नाही. असं का म्हणतोय ते पुढे सांगतो.

आधी गाडीतल्या भांडणाचं. "मला कुणी विचारलं?" असं तू म्हणालीस, आणि मी रस्त्याकडे बघत राहिलो. तुझं खरं आहे. आम्ही तुला तीन शाळा दाखवल्या आणि त्यांतली कुठली आवडली ते विचारलं. पण मुळात जायचं का, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि आमच्याकडे दुसरा रस्ता नव्हता. मस्कत, लागोस, मग पुन्हा मस्कत, आता अतिराऊ. सात वर्षांत चार शाळा. अतिराऊची शाळा तुझ्या वर्गापाशी संपते. कऱ्हाडला आजीजवळ ठेवायचा विचार आईने तीन महिने केला, पण पहिलीपासून तू ब्रिटिश अभ्यासक्रमात. पुढच्या वर्षी, दहाव्या इयरला, जीसीएसईचा, म्हणजे त्यांच्याकडच्या दहावीचा, दोन वर्षांचा अभ्यास सुरू होतो. तो मध्येच तोडून जायचं म्हणजे दोन्हीकडून नुकसान. म्हणून नववं इयर. रुळायला एक वर्ष हातात राहतं. हे सगळं मी गाडीत सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी सॅटनॅव्हचा आवाज वाढवला. माफ कर.

फेब्रुवारीत आपण पाहिलेली ती पहिली शाळा आठवते? नाट्यगृह, पोहण्याचा तलाव, घोडे. तुला तीच हवी होती. आपण परत निघालो आणि माझी टोपी राहिली म्हणून मी एकटा आत गेलो. शनिवारची दुपार होती. आठवड्यापुरती राहणारी मुलं घरी गेली होती. साठ मुलींच्या त्या हाउसमध्ये, म्हणजे वसतिगृहात, सात-आठ जणी उरल्या होत्या, सगळ्या दूरदेशच्या. एक मुलगी स्वयंपाकघरात एकटीच पास्ता उकळत उभी होती. भांड्याकडे बघत होती, चमचा फिरवत नव्हती. मी टोपी घेतली आणि निघालो. तुला सांगितलं, ‘फी जास्त आहे.’ खरं कारण ती मुलगी.

आता तू आहेस तिथे शनिवारी सकाळी वर्ग असतात आणि बहुतेक मुली शनिवार-रविवार तिथेच राहतात. इमारत जुनी आहे, न्हाणीघरात गार लागेल. पण मुलींची देखभाल करणाऱ्या मेट्रनबाईंच्या मांडीवर कुणाचा तरी कोट होता, बटण लावत होत्या, आणि दारातून गेलेल्या प्रत्येक मुलीला मान वर न करता नावाने हाक मारत होत्या. पावलांवरून ओळखत होत्या. माझा निर्णय तिथे झाला. तपासणीचे अहवाल मी नंतर वाचले.

मोठ्ठं पत्र होतंय. मला सांगायचं होतं ते एवढंच, की काही झालं तर बोल.

हे काल तुला तीनदा सांगितलं, तू डोळे फिरवलेस. फोनजवळच्या बोर्डाचा फोटो काढायला लावला तेव्हा तुझ्या खोलीतली ती मुलगी बघत होती आणि तुला लाज वाटली. मला दिसलं ते. तरी फोटो पुसू नकोस. बोर्डिंग असलेल्या शाळेला तिथले नियमच असे आहेत, की शाळेत नोकरीला नसलेला एक माणूस नेमावा लागतो, मुलांना थेट फोन करता यावा म्हणून. त्या बाईंचं नाव तिथे आहे. खाली चाइल्डलाइनचा, मुलांच्या मदतीच्या फोनचा, नंबर आहे, ०८०० ११११. पैसे पडत नाहीत. हाउसमिस्ट्रेसना सांगायला नको वाटलं तर मेट्रन, त्यांना नको वाटलं तर त्या बाई, नाहीतर लंडनची शुभामावशी. ती नुसती कागदावरची गार्डियन नाही. कितीही वाजता फोन कर, असं तिने मला दोनदा सांगितलंय.

बघ, भाषण सुरू झालं. आई म्हणतेच, तुम्ही पोरीशी बोलत नाही, सूचना देता. पण हे माझ्यात कुठून आलं ते आता तुला सांगतो. आईलासुद्धा अर्धंच माहीत आहे.

मी दहा वर्षांचा होतो तेव्हा आजोबांची बदली धरणावर झाली. तिथे शाळा चौथीपर्यंत. मला घाटावरच्या एका वसतिगृहात ठेवलं. माझी पत्र्याची ट्रंक तू पाहिली आहेस, कऱ्हाडच्या माळ्यावर आजी त्यात पापड ठेवते ती. त्या ट्रंकेतला खाऊ पहिल्याच रात्री गेला. नववीतला एक मुलगा होता. खाऊचं मला काही वाटलं नाही. पण तो रात्री मला ट्रंका ठेवायच्या खोलीत कोंडायचा आणि बाहेरून कडी घालायचा. पहाटेची घंटा व्हायच्या आधी उघडायचा. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. अजून मला बंद खोलीत पत्र्याचा वास आला की घाम फुटतो. तू लहानपणी लपाछपी खेळताना कपाटात शिरलीस की मी ओरडायचो ना, ते यामुळे.

रविवारी सकाळी घरी कार्ड लिहायचं असायचं. १५ पैशांचं पोस्टकार्ड. लिहिलं की सुपरिटेंडेंटच्या टेबलावर ठेवायचं, ते वाचून मगच पेटीत. मी लिहायचो, ‘मी मजेत आहे. अभ्यास चालू आहे. काळजी नसावी.’ दोन वर्षं. मग तो मुलगा दहावी होऊन गेला. आजोबा गेले त्यानंतर त्यांच्या कपाटात ती सगळी कार्डं सापडली, सुतळीने बांधलेली, तारखेवार लावलेली. आजी म्हणाली, "हे रोज रात्री वाचायचे. म्हणायचे, पोरगं रमलं."

मनू, ते वाईट माणूस नव्हते. माझ्यावर त्यांचा जीव होता. मी मजेत आहे असं लिहीत होतो, आणि त्यांनी ते खरं मानलं.

म्हणून तुझ्या शाळेत फोन कुठे ठेवतात, रात्री काढून घेतात तर सकाळी किती वाजता देतात, हे मी एवढं खोदून विचारत होतो. २०२२ मध्ये ब्रिटनच्या चौकशी समितीने निवासी शाळांबद्दल एक अहवाल दिला, तोही मी वाचला. आईने लॅपटॉप बंद केला माझा. मुलांनी सांगूनही मोठ्यांनी कान दिला नाही, अशी प्रकरणं आहेत त्यात. तुला घाबरवत नाहीये. तुझी शाळा चांगली आहे, माझ्या वसतिगृहासारखी नाही. तुला खोलीत कडी घालणारं तिथे कुणी नाही. पण रडू दाबून ‘फाइन’ म्हणायला कडी लागत नाही. तू पडलीस की आधी आजूबाजूला बघतेस, कुणी पाहिलं का, आणि मग उठतेस. अगदी मी.

आणखी एक. फीवरून आईचं नि माझं भांडण तू ऐकलंस, हे मला जिन्यातल्या तुझ्या चपलांवरून कळलं. गेल्या वर्षी, १ जानेवारी २०२५ पासून, तिथल्या खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला. कंपनी ठरलेली रक्कम देते, वरचं आपण भरायचं. एवढंच होतं ते. पण मला भीती ही, की ‘बाबाने एवढे पैसे घातले, आता कसं सांगू’ म्हणून तू गप्प बसशील. शाळा सोडायची तर एका टर्मची नोटीस लागते, नाहीतर एका टर्मची फी जाते. जाऊ दे. हा हिशेब मी तुला पाठवायच्या आधीच करून ठेवलाय. माझा ब्रिटनचा व्हिसा मुद्दाम दोन वर्षांचा काढलाय.

इथे सकाळी नदीकाठी फिरून आलो. सेव्हर्न या गावाला जवळजवळ पूर्ण वेढा घालून जाते. प्रीतिसंगमाची आठवण झाली. तू चार वर्षांची असताना तिथे पाण्यात पाय सोडून विचारलं होतंस, "कोयना कुठली आणि कृष्णा कुठली, आता कसं कळणार?" मला उत्तर आलं नव्हतं. काल त्या दगडी जिन्यावरून तू दोन्ही हातांत ओझं घेऊन वर गेलीस, मदत नको म्हणालीस, वळणावर बॅग अडकली ती गुडघ्याने ढकललीस. मागून बघताना वाटलं, ही कधी एवढी झाली? आजोबा असते तर त्यांनी अख्ख्या पेठेला सांगितलं असतं.

यंदा अधिक ज्येष्ठामुळे सगळे सण लांबले. गणपती १४ तारखेला, सोमवारी. तुझ्या जेवणाच्या सुट्टीत आरतीचा व्हिडिओ कॉल करतो. जमलं तरच घे. दिवाळी ८ नोव्हेंबरला, तोवर हाफ टर्मची सुट्टी संपलेली असेल. शुभामावशी त्या रविवारी फराळ घेऊन येणार आहे, हाउसमिस्ट्रेसना विचारून ठेवलंय. शेंगदाण्याची चटणी आईने ऐन वेळी काढून घेतली, कारण तिथे दाण्यांना बंदी आहे. तू चिडलीस, पण कुणाच्या तरी जिवाशी खेळ नको. त्या जागी आजीचं मेतकूट ठेवलंय, निळ्या डब्यात, मोज्यांच्या खाली. त्या मोज्यांवर नावाच्या पट्ट्या आईने रात्री दोनपर्यंत शिवल्या. चार पट्ट्या वाकड्या आहेत. त्या मी शिवलेल्या.

आता ऐक. सगळ्यांसमोर फोनवर बोलता आलं नाही, किंवा नुसता मेसेजच करता आला, तर एवढंच लिही: ‘मेतकूट संपलं.’ का, कसं, कुणामुळे, काही विचारणार नाही. मिळेल त्या विमानाने येईन. फाटकाशी आलो की मग तू ठरव, बोलायचं की नुसतं गाडीत बसायचं.

डबा अर्ध्या किलोचा आहे. आईच्या हिशेबाने डिसेंबरपर्यंत पुरेल. पण तू भाताबरोबर कमी आणि नुसतं जास्त खातेस. तेव्हा खरोखरच संपलं तर ‘भात कोरडा लागतो’ असं लिही, म्हणजे मी नुसता डबा पाठवीन.

तुझा,
बाबा