समुद्र एसटीपेक्षा वक्तशीर आहे, साहेब

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी जालना जिल्ह्यातला. आमच्याकडं पाणी म्हणजे टँकरनं येणारं, नाहीतर विहिरीच्या तळाशी दिसणारं. आपल्या पायांनी चालत येणारं पाणी आम्ही पाहिलेलं नसतं. एवढं ध्यानात घेऊन पुढचं वाचावं.

गेल्या दत्तजयंतीला आई, बायको, भावाची नऊ वर्षांची मुलगी आणि मी, असे चौघं जुहूला गेलो. रात्रभर गाडीत, मग विलेपार्ल्याहून रिक्षा. साडेआठच्या सुमाराला वाळूवर. आईचं वय ६८, समुद्र पहिल्यांदाच बघत होती. आधी पुडी सोडून पाण्याला हळदकुंकू वाहिलं, मग लुगडं घोट्याच्या वर धरून उभी राहिली. लाट माघारी फिरली तशी तिच्या टाचांखालची वाळू निघाली. माझा दंड घट्ट धरून म्हणाली, "अरे, खरंच सरकती की!" पायाखालची वाळू सरकली असं आम्ही जन्मभर म्हणतो. दुष्काळात म्हणतो, सोयरीक मोडली की म्हणतो. ती अशी गुदगुल्या करत सरकते हे आईला त्या दिवशी कळलं. मलाही.

चपला, पिशवी आणि केळी (आईला उपास होता) पाण्यापासून चांगली पन्नास पावलं लांब, कोरड्या वाळूवर ठेवली होती. पुतणी पुढं एका उंचवट्यावर किल्ला करत बसली. पाऊण तासानं बघतो तर चपला तरंगताहेत आणि उंचवट्याचं बेट झालंय. समोरून पाणी तिच्यापर्यंत आलंच नव्हतं. बाजूच्या सखल पट्ट्यातून मागच्या मागं शिरलं होतं. मी धावलो तेव्हा मधलं पाणी मांडीला लागत होतं. पोरीला खांद्यावर घेतलं आणि आलो. झालं काही नाही. काही झालं असतं तर दुसऱ्या दिवशी पेपरात 'अतिउत्साही पर्यटक' असं छापून आलं असतं, आणि तेच मला जास्त लागलं. अतिउत्साह कसला? आम्ही वाळूत बसलो होतो.

होडीपाशी जाळं सोडवत बसलेल्या एका कोळी बाबांनी हाक मारली, "मावशी, वर या. आज पुनव. बारापर्यंत चढंल पाणी." मग त्यांनी हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडं इकडंतिकडं धरायचं. पुनव-अवसेला उधाणाची भरती, पाणी फार वर येतं आणि ओहोटीला फार आतही जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची, ती मवाळ. सहा तास चढणं, सहा तास उतरणं, आणि मधल्या दोन तासांत सगळ्यांत जोर. आम्ही नेमके त्या जोरात सापडलो होतो. कालनिर्णय आमच्याही भिंतीवर आहे. त्यातली तिथी आम्ही उपासाला बघतो, ते बाबा जीव सांभाळायला बघतात.

आता माझी मागणी. किनाऱ्यावर मला 'खोल पाण्यात जाऊ नये' अशी पाटी दिसली. साहेब, खोल कुठं असतं? साडेआठला जिथं कोरडं होतं तिथं सव्वानऊला माझ्या मांडीएवढं होतं. ज्याला समुद्र माहीत आहे त्याला ती पाटी लागत नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याला ती काही सांगत नाही. आज पूर्ण भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता, असं लिहिलेलं कुठंही सापडलं नाही. मी शोधलं, कारण चप्पल हरवलेल्या माणसाला वेळ भरपूर असतो.

आमच्या तालुक्याच्या बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा रंगवलेल्या आहेत आणि त्या वेळेला गाडी येत नाही. समुद्र येतो. रोज साधारण ५० मिनिटं उशिरा, पण ठरल्याप्रमाणे. भारतीय सर्वेक्षण विभाग त्याची कोष्टकं वर्षभर आधी छापतो. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस मुंबईच्या पेपरांत येतात. आमच्या जिल्हा आवृत्तीत ते कशाला येतील? म्हणजे माहिती आहे, फक्त वाळूपर्यंत पोचत नाही.

म्हणून प्रत्येक वाटेच्या तोंडाशी एक काळा फळा लावा. रोज सकाळी खडूनं लिहायचं, मराठीत आणि हिंदीत: 'आज पूर्ण भरती दुपारी १२. पाणी तिसऱ्या खांबापर्यंत येईल.' तेवढे खांब रोवावे लागतील. लिहायचं काम कोळीवाड्यातल्या कुणाला मानधनावर द्या. त्यांना कोष्टकही लागायचं नाही. गोव्यात जीवरक्षक लाल-पिवळे झेंडे रोवतात आणि त्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरायचं असतं, हे लहान पोरालाही कळतं. तसं इथंही करा. पण फळा आधी, कारण आमच्यासारखे निम्मे लोक पोहायला येतच नाहीत, बसायला येतात.

बायकांसाठी कपडे बदलायला आडोसा आणि पाय धुवायला नळ, याबद्दल बायको वेगळं पत्र लिहिणार आहे. ते माझ्यापेक्षा कडक असेल. आणि गावोगावच्या नावाची ती रंगीत अक्षरं, ज्यांच्यापुढं फोटो काढायचे असतात, त्यांतलं एखादं अक्षर कमी केलं तरी फळ्यांचा खर्च निघेल असा माझा अंदाज आहे.

आईला परत यायचंय. मधे एकदा कालनिर्णय पुढ्यात घेऊन बोटं मोजत म्हणाली, चतुर्थीला जाऊ, सकाळी नऊला पाणी आत असेल. तपासलं, बरोबर निघालं. फळा लागला तर कळवावं, म्हणजे तिचा हिशेब तिथंच ताडून बघता येईल.

आपला,
जालना जिल्ह्यातला एक पर्यटक