पसायदानातल्या ‘येणें’बद्दल आभार

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

जुनी मराठी शिकवण्यासाठी तुम्ही काढलेलं चार पानी टिपण आमच्यापैकी बहुतेकांच्या हजेरीपटात घडी करून ठेवलेलं असतं. आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून हे पत्र.

पसायदान मुलांना पाठ असतं, आणि घोडं तिथेच पेंड खातं. चाल तोंडात बसल्यामुळे शब्दावर कुणी थांबतच नाही. ‘आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें’ यातलं ‘देवें’ म्हणजे ‘हे देवा’ आणि ‘येणें’ म्हणजे कुणाचं तरी येणं, असं मोठ्या वर्गातली मुलंही बिनधास्त सांगतात. तुमचं म्हणणं, अर्थ विचारूच नका, आधी अनुस्वारावर बोट ठेवा. मग तृतीया विभक्ती (‘-ने’चा अर्थ) दिसते: विश्वात्मक देवाने, या वाग्यज्ञाने, संतुष्ट व्हावे. नियम फसतो ती जागाही तुम्ही दाखवलीत. ‘मैत्र जीवाचें’ मधला अनुस्वार तृतीयेचा नाही, नपुंसकलिंगाचा. 1962 च्या लेखननियमांनी असे बहुतेक अनुच्चारित अनुस्वार आपल्या लिहिण्यातून काढले, त्यामुळे मुलांना ते छपाईतले डाग वाटतात. मोबाइलवरून उतरवलेल्या प्रतींत तर ते गळालेलेच असतात. फळ्यावर लिहिण्याआधी छापील प्रतीशी ताडून घ्या, ही तुमची सूचना म्हणूनच लाखमोलाची.

दुसरी युक्ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांची. अनोळखी शब्दाला मुलं अर्थ विचारतात; ओळखीचा शब्द मात्र गुपचूप चुकीचा लावून मोकळी होतात. ‘भूतां’ म्हणजे प्राणिमात्रांना. ‘सांडो’ म्हणजे सुटून जावो. ‘कल्पतरूंचे आरव’ मधले आरव म्हणजे बागा, आवाज नव्हे. असे शब्द वहीच्या डाव्या रकान्यात आणि आजचा अर्थ उजव्या रकान्यात, खोडून.

त्यानंतर अन्वय. क्रियापद अधोरेखित, त्याचा कर्ता कोण ते शोधायचं, आणि ओवीतलेच शब्द गद्याच्या क्रमाने मांडायचे. एका तासाला एकच ओवी; नऊ ओव्या, नऊ तास. भावार्थ सगळ्यात शेवटी. गाइडमधला भावार्थ आधी हातात पडला की मुलं तोच पाठ करतात आणि ओवी बंदच राहते.

एका मुद्द्यावर मात्र आमचं तुमच्याशी जमत नाही. तुम्ही वर्गात चाल पूर्ण बंद ठेवता. आम्ही अन्वय झाल्यावर गाऊ देतो. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा, हे कानाला जितकं पटकन कळतं तितकं फळ्यावर कळत नाही.

लीळाचरित्रावरचं टिपण तयार झालं की कळवा. झेरॉक्सचा खर्च आमच्याकडे.

आपले,
मराठी शिकवणारे आम्ही काही जण