वेंगुर्ल्याच्या बँडमास्तरांचे जाहीर आभार

मास्तर,

सप्रेम नमस्कार. तुमचा फोन साधा, त्यात हे काही दिसायचं नाही. तुमची नात वाचून दाखवणार आहे. पण कार्यक्रम झाल्यापासून गप्प बसवत नाही, म्हणून चारचौघांतच लिहितो.

आमची पहिली तालीम तुम्ही ऐकली नाहीत ते बरं. म्हापशाच्या पोराचा अल्टो सॅक्सोफोन, शेजारी ट्रम्पेट, मागे माझा लॅपटॉप आणि सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सुरांची पेटी. कागद एकच, सूर तीन गावचे. मुंबईच्या ज्या क्लासात भरभक्कम फी मोजली होती, तिथल्या सरांना विचारलं, तर म्हणाले, "सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्सपोझचं, सूर वर-खाली सरकवायचं, बटण आहे ना, दाबा." किती, कुठल्या दिशेला, का, काही नाही. जॅझमधले एक बुजुर्ग तर म्हणाले, लॅपटॉपवाल्यांनी या भानगडीत पडूच नये. माहीत असून न सांगणारी ही जात मला आता ओळखू येते.

तुम्ही भजनाची पेटी पुढ्यात ओढलीत. "अल्टोवाल्याचो सा काळी दोनार. ट्रम्पेट नि क्लॅरिनेट काळी पाचार." संपलं! अल्टोवाला कागदावरचा सी, म्हणजे त्याचा सा, वाजवतो तेव्हा कानावर खालचा ई फ्लॅट येतो, पेटीची काळी दोन; ट्रम्पेटवाल्याचा सी म्हणजे बी फ्लॅट, काळी पाच. अॅडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पेटंट घेतलं ते लहानमोठ्या सॅक्सोफोनांच्या अख्ख्या कुटुंबाचं. अल्टो ठेवून त्याहून मोठा टेनर उचलला तरी बोटं तीच राहतात, हिशेब काय तो लिहिणाऱ्याने करायचा. माझा ट्रॅक ए मायनर या स्केलमध्ये, म्हणजे अल्टोच्या कागदावर एफ शार्प मायनर, तीन शार्प, तीन सूर चढे. "तुझ्या मशिनीक काय फरक पडता? तीन पट्टे वर चढव," म्हणालात. ट्रॅक सी मायनर झाला आणि अल्टोच्या वाट्याला ए मायनर आला, सरळ स्वच्छ, एकही शार्प-फ्लॅट नाही. ट्रम्पेटला डी मायनर, एकच फ्लॅट, एक सूर उतरा.

पण मास्तर, खरं सांगू? हे कधी ना कधी कुठेतरी वाचून कळलं असतं. तुम्ही चष्मा पुसून माझा प्रिंट काढलेला कागद वाचत होतात आणि मधेच थांबलात. "हेच्यात वाजवणारो श्वास खंय घेतलो?" सोळा बार, म्हणजे तालाची सोळा घरं, सलग, कुठे उसंत नाही. मशीन वाजवतंच, त्याला फुप्फुसं कुठे आहेत! मग वीज गेली. तुम्ही खिडकीशी सरकलात, एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे हाताने पाच रेघा मारल्यात आणि अल्टोचा सगळा भाग पेन्सिलीने नव्याने लिहून काढलात. दर दोन-तीन बारांनी वर एक छोटा स्वल्पविराम. जो मुलगा तुम्ही पाहिलाही नव्हता, त्याच्या श्वासाची ती सोय होती. त्याने तो कागद हातात घेतला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं: "हे कोणीतरी फुंकणाऱ्याने लिहिलंय."

तुमचं दुसरं, तालाबद्दलचं सांगणंही पाळलं. किक, म्हणजे ड्रमचा मोठा ढोल, जागेवर ठेवली; हाय-हॅट, म्हणजे त्याच्या झांजा, सैल सोडला, जॅझच्या झोक्यासारखा एक ठोका लांब, एक आखूड, साधारण दोनास एक. लय वाढली की ते अंतर मिटत जातं, हेही टेबलावर बोटाने वाजवून दाखवलंत.

अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोव्याच्या मंडळींनी हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रासाठी असेच कागद लिहिले. प्रत्येक वाद्याला त्याच्या सोयीचा. ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. वरातीत भर उन्हात कोट घालून वाजवणाऱ्या तुमच्या पोरांकडे पाहून नाक मुरडणारे पुष्कळ पाहिलेत मी. त्यांच्यातल्या किती जणांनी दुसऱ्याच्या दमाचा विचार केलाय, देव जाणे.

पैसे विचारले तर तुम्ही रागावलात, म्हणून पुन्हा विचारत नाही. पुढच्या ट्रॅकमध्ये मात्र क्लॅरिनेट तुमचीच हवी. कागद काळी पाचच्या हिशेबाने लिहून आणतो, स्वल्पविराम तुम्हीच घाला.

तुमचा,
लॅपटॉपवाला