सुया दिसल्या, वायर दिसली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला इलेक्ट्रो-अ‍ॅक्युपंक्चरवरचा, म्हणजे टोचलेल्या सुयांना वायर जोडून सौम्य वीज सोडण्याच्या उपचारावरचा लेख वाचला. ‘विजेमुळे शरीरातील ऊर्जेचे अडथळे दूर होतात’ एवढ्या एका वाक्यात लेखिकेने सगळे जीवशास्त्र उरकले आहे. बाकी जागा फोटोला. त्यात सुया भरपूर, वायर एकही नाही!

ऊर्जा-बिर्जा राहू द्या. पेकिंग विद्यापीठाच्या हान जिशेंग यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की 2 हर्ट्झला (सेकंदाला विजेचे दोन ठोके) एन्केफॅलिन आणि बीटा-एन्डॉर्फिन स्रवते, 100 हर्ट्झला मज्जारज्जूत डायनॉर्फिन. म्हणजे वेदना शमवणारी, शरीराची घरचीच अफू. नॅलोक्सोन हा अफूचा उतारा टोचला की कमी हर्ट्झचा गुण ओसरतो. हार्वर्डच्या च्यूफू मा यांच्या गटाला 2021 मध्ये आढळले, की उंदराच्या मागच्या पायात ठरावीक जागी सौम्य करंट दिला तर मेंदूतून पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस नसेमार्फत मूत्रपिंडावरची अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी कामाला लागते आणि दाह उतरतो. पोटावर तोच करंट निकामी. त्याआधी 2020 मध्ये याच गटाने पोटावर जोरदार करंट देऊन पाहिला होता; दाह आधीच भडकलेला असेल तर तो आणखी वाढला. जागा, जोर, वेळ, हर्ट्झ, सगळ्यावर अवलंबून. आणि ‘कोणताही दुष्परिणाम नाही’ असे आपण छापता!

खांदा आखडला म्हणून गेल्या पावसाळ्यात मी अशाच एका सेंटरवर गेलो होतो. फॉर्मवर व्हॉट्सअ‍ॅप नंबर, लग्नाचा वाढदिवस, ‘आमच्याबद्दल कुठून कळले’ सगळे होते. पेसमेकर आहे का, एवढेच नव्हते. माझ्या छातीत तो आहे. मीच सांगितल्यावर तिथल्या मुलीने आत डोकावून विचारले, “सर, काकांना पेसमेकर आहे, चालेल ना?” आतून आवाज आला, “कमीवर ठेव.” किती कमी? हर्ट्झ किती, मिलीअँपिअर किती? तर म्हणे, “काका, ऑटो मोड आहे.” मी शर्ट चढवला आणि निघालो. पॅकेजचे आगाऊ भरलेले पैसे नियमानुसार परत मिळत नाहीत. नियम कुणाचा, तेही ऑटो मोडवरच असावे.

पेसमेकरवाल्याने हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, हे सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या. राज्यात अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा आहे, परिषद आहे. लेखाखालच्या पाव पान जाहिरातीत नोंदणी क्रमांक मात्र मला भिंगातूनही सापडला नाही.

आणि हो, ‘डॉ. कोटणीसांनी ही विद्या भारतात आणली’ हे कुठून काढले? कोटणीस आमच्या सोलापूरचे. 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले. आणणार कसे? त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन हे शिकून आले. दुरुस्ती पहिल्या पानावर नको, निदान शब्दकोड्याशेजारी तरी छापा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सोलापूर